निपाणीच्या सहली : माणसं चार



पावसाळ्यात घरी पाहुणे आले की एक प्रश्न हमखास निघतो. "निपाणीत बघण्यासारखं काय आहे हो?" आणि आपलीच मुलं पटकन सांगून मोकळी होतात, "काही नाही. तंबाखू आणि हायवे."

मला हे ऐकवत नाही. पंचाहत्तरीला आलो, पण लहानपणी या गावातून केलेल्या सहली अजून जशाच्या तशा डोळ्यांपुढं आहेत. निपाणीतून निघालं की एका बाजूला कोल्हापूर, एका बाजूला घाटमाथा आणि कोकण, एका बाजूला गोकाकचा धबधबा आणि सरळ खाली बेळगाव. सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. म्हणून आज त्या सहलींबद्दल लिहितोय. त्यातच एक घरची गोष्टही आहे. ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ज्यांनी जुनी निपाणी बघितली आहे त्यांना वखार म्हणजे काय ते सांगायला नको. तंबाखूचा हंगाम सुरू झाला की अण्णांना मान वर करायला वेळ नसायचा. घरी आले तरी अंगाला, सदऱ्याला, हिशेबाच्या वहीलासुद्धा तंबाखूचा वास. शेजारून गेलं तरी शिंक यायची. पाऊस लागला की मात्र वखारीचं काम हलकं व्हायचं. मग श्रावणात एखाद्या दिवशी अण्णा जेवताना म्हणायचे, "जाऊया की कुठंतरी एक दिवस." एवढं ऐकलं की आम्हां तिघा भावंडांना, म्हणजे आक्का, मी आणि धाकटा भाऊ, रात्री झोप नाही.

त्या रात्री आईचीही झोप जायची, पण कारण वेगळं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी, लिंबाचं लोणचं, वाटेत खायला चिरमुरे-फुटाणे. ती पहाटे चारला चूल पेटवायची. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्यामुळं संध्याकाळपर्यंत मऊ राहत. धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधलेली ती पुरचुंडी मला अजून दिसते.

सगळ्यांत जवळची सहल म्हणजे तवंदीचा घाट आणि स्तवनिधी. तिथं जैनांचं मोठं क्षेत्र आहे, पार्श्वनाथाचं आणि ब्रह्मदेवाचं. पण जायचे सगळेच. आम्ही चालत जायचो आणि चालत यायचो. घाटाच्या वळणावर उभं राहून खालून चढत येणारे ट्रक मोजायचे, हा आमचा खेळ. पुणे-बंगळूर रस्ता तेव्हा अरुंद होता आणि लादलेला ट्रक घाट चढताना इतका कण्हायचा की आम्ही पोरं त्याच्या बरोबरीनं पळत जायचो. आज रुंद रस्त्यावरून गाडी कधी वर आली तेसुद्धा कळत नाही.

दुसरी गावातलीच सहल, जवाहर तलाव. संध्याकाळी बांधावर बसायचं, भडंग खायचं, पाणी किती चढलं ते बघायचं. ही नुसती गंमत नव्हती. निपाणीच्या नळाचं पाणी या तलावातून येतं आणि यमगर्णीजवळून वेदगंगेचं पाणी उपसून तो भरला जातो. तलाव भरला की गावाचा जीव भांड्यात. उन्हाळ्यात नळ चार-चार दिवस यायचा नाही आणि आला तरी कधी येईल याचा नेम नसायचा. हा नळ या गोष्टीत पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत कुर्ली-अप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची यात्रा. ढोल-कैताळाचा आवाज, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं आणि पहाटेची भाकणूक. पाऊसपाणी कसं होईल, कोणतं पीक येईल, भाव चढतील की पडतील, राजकारणात काय होईल, सगळं नाथांच्या नावानं सांगितलं जातं. कर्नाटकातले लोक येतात, महाराष्ट्रातले येतात. अण्णा हिशेबी माणूस, पण तंबाखूच्या दराचं वाक्य आलं की कान टवकारायचे. या यात्रेला आई आमच्याबरोबर यायची. एवढं सांगून ठेवतो.

आता लांबच्या सहली. १९६४ सालची आंबोली मी कधी विसरणार नाही. अण्णांच्या ओळखीचा एक ट्रक सावंतवाडीला चालला होता. ड्रायव्हरच्या शेजारी अण्णा आणि आक्का, मागं ताडपत्रीखाली आम्ही दोघं भाऊ. गडहिंग्लज, आजरा करत ट्रक जसजसा वर गेला तसतसा पाऊस वाढत गेला. वाटेत नांगरतास धबधबा. खडकाच्या अरुंद चिरेत पाणी असं उडी घेतं की खाली नुसता धूर. पुढं आंबोलीला हिरण्यकेशीचं उगमस्थान. देवळाच्या पाठीमागं गुहा आणि गुहेतून थंडगार पाणी बाहेर येतं. अण्णांनी ओंजळभर प्यायला लावलं आणि म्हणाले, "हीच नदी खाली संकेश्वरला आपल्याला भेटते." मला खरं वाटेना. संकेश्वरची हिरण्यकेशी म्हणजे घाट असलेली, म्हशी डुंबणारी रुंद नदी. ती या एवढ्याशा भोकातून येते? तिथंच मंडपात बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. पावसानं चटणी ओली झाली होती. तशी चव परत कधी लागली नाही.

आणि गोकाक. आमच्या घरची ही सगळ्यांत मोठी सहल. पहिल्यांदा गेलो १९६१ च्या श्रावणात. संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभा अशा बस बदलत दुपारी पोचलो. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. घटप्रभा नदी सुमारे १७० फूट खाली कोसळते, घोड्याच्या नालेसारखा कडा आहे. पावसाळ्यात पाणी तांबूस, चहासारखं. बाजूला जुनं महालिंगेश्वराचं देऊळ, पलीकडं सूतगिरणी. याच पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात तिथं गिरणी उभी राहिली आणि धबधब्यावर वीज तयार होऊ लागली. आणि नदीवर तो झुलता पूल, सुमारे २०० मीटर लांब. पाऊल टाकलं की हलतो. मधोमध गेल्यावर आक्का रडायला लागली आणि मी हसायला लागलो. खरं म्हणजे माझेही पाय लटपटत होते. परत येताना करदंट घेतला. डिंक, गूळ, सुकं खोबरं, बदाम घातलेला. घरी येईपर्यंत निम्मा संपला.

मोठं झाल्यावर एक गंमत लक्षात आली. या सगळ्या सहलींत आम्ही राज्याची हद्द किती वेळा ओलांडली याचा पत्ताच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी-बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. घरात त्यावर बोलणं व्हायचं, मोर्चे निघायचे, सत्याग्रह व्हायचे. महाजन आयोगानं तर निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं, तेही कागदावरच राहिलं. ते दुःख आपल्या पिढीला आहेच, ते इथं उगाळत नाही. पण सहलीला निघालं की आंबोलीला महाराष्ट्र, गोकाकला म्हैसूर, आणि पुरचुंडी तीच. पुढं मी बी.कॉम. झालो ते अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात आणि मध्ये चालत जाण्याइतकं अंतर. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याला चेष्टा वाटते.

१९७२ ला बँकेत लागलो. १९८० ते ८६ बेळगावला होतो. तोवर लग्न झालं होतं, दोन मुलं होती, आणि स्टाफ लोनवर घेतलेली स्कूटर. पुढं उभा मुलगा, मागं बायको, तिच्या मांडीवर मुलगी. रविवारी बेळगाव पालथं घालायचो. किल्ल्यातली कमल बस्ती, १२०४ सालची, छताला दगडात कोरलेलं कमळ. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. टिळकवाडीची काँग्रेस विहीर, १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली. गांधीजी अध्यक्ष होते असं ते एकच अधिवेशन. येळ्ळूरचा राजहंसगड. तेव्हा वर बहुतेक शुकशुकाट असायचा, आता २०२३ पासून तिथं शिवछत्रपतींचा भव्य पुतळा आहे. देवरवाडीचा वैजनाथ, बेळगावच्या अगदी उशाशी, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे पुन्हा महाराष्ट्र. पावसाळ्यात राकसकोप. येताना कुंदा, आणि कुणाकडं लग्न असलं तर मांडे. उलट्या कढईवर हातभर मांडा सोडणाऱ्या बायकांचे हात बघणं हीसुद्धा एक सहलच.

बँकेची एल.एफ.सी. होती. तिच्यावर काश्मीर झालं, कन्याकुमारी झाली. दल सरोवरातल्या शिकाऱ्यातला फोटो अजून बाहेरच्या खोलीत आहे. प्रत्येक वेळी मी निपाणीला जाऊन आईला विचारायचो, "चल की आमच्याबरोबर." ती म्हणायची, "तुम्ही जावा. मी बघितल्यासारखंच आहे." मी पुन्हा विचारायचो नाही. विचारलं होतं ना, झालं, असं माझं मन समाधानी.

१९८७ ला अण्णा गेले. दिवसवार झाल्यावर त्यांच्या ट्रंकेतल्या खर्चाच्या वह्या काढून बसलो. दिवाणजीचं अक्षर, मोत्यासारखं. घरखर्चाचा पै-पैचा हिशेब. त्यात सहलींच्याही नोंदी होत्या. तारीख, गाव, तिकिटं, चहा, करदंट. आणि प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला : माणसं ४.

बँकेतल्या माणसाला आकडा दिसला की तो पडताळून बघायची खोडच असते. घरात आम्ही सहाजण. अण्णा, आई, आज्जी, आम्ही तीन भावंडं. आज्जी अंथरुणाला खिळलेली, ती वजा केली तर पाच. वहीत चार. गोकाक, माणसं ४. आंबोली, माणसं ४. पन्हाळा, माणसं ४. म्हटलं, आज्जीसाठी आई थांबत असेल. आज्जी १९६६ ला गेली. पानं उलटली. १९६७ चा श्रावण. गोकाक, दुसऱ्यांदा. माणसं ४.

फक्त अप्पाचीवाडीच्या यात्रेच्या नोंदीला माणसं ५ होती.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. तवंदीच्या घाटापासून गोकाकच्या पुलापर्यंत माझ्या एकाही आठवणीत आई नाही, हे मला सदतिसाव्या वर्षी वही बघून कळलं. दशम्या होत्या, चटणी होती, ती पुरचुंडी होती. आई नव्हती. अण्णा काही वाईट माणूस नव्हते. कधी आवाज चढवल्याचं आठवत नाही. पण देवाला जायचं असलं की बाईमाणूस निघायचंच, त्याला कारण लागत नसे. नुसतं पाणी बघायला जायचं म्हटलं की घरी कोण थांबणार हा प्रश्न यायचा आणि त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. आज्जी होती तोवर आज्जीचं कारण. नंतर म्हशीचं. म्हैस विकल्यावर नळाचं. "नळ येणार आहे, घरात कुणीतरी पाहिजे."

आक्काला गडहिंग्लजला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, "तुला आत्ता कळलं होय? मी लग्नाआधी अण्णांना एकदा म्हटलेलं, यंदा मी थांबते, आईला न्या. आईच म्हणाली, पोरीचं परत कुठं जाणं होणार, तिलाच जाऊ दे."

१९८८ च्या ऑगस्टमध्ये मी गाडी ठरवली, ॲम्बेसिडर. आईला विचारलंच नाही, सांगितलं, "रविवारी गोकाकला जायचंय." ती नेहमीचं वाक्य म्हणायला लागली तेव्हा मी म्हटलं, "नळाला शेजारच्या काकू बघतील. मी बोललोय त्यांच्याशी." तिच्याकडं दुसरं कारण तयार नव्हतं. तरी पहाटे चारला उठून दशम्या केल्याच. मी म्हटलं, "आता तिथं हॉटेलं आहेत." म्हणाली, "असू देत की."

धबधब्याच्या कठड्यापाशी उभी राहिली ती बराच वेळ काही बोललीच नाही. पदर तोंडाशी धरलेला, चेहऱ्यावर तुषार. मग म्हणाली, "एवढं पाणी!" थोड्या वेळानं पुन्हा, "आणि आपला नळ चार दिवसांनी." आणि हसायला लागली. जन्मभर कळशी-घागरीनं पाणी मोजलेली बाई ती, तिला दुसरं काय सुचणार. नातवानं विचारलं, "आज्जी, हे पाणी कुठून येतं?" मी सांगितलं, घटप्रभा सह्याद्रीतून येते, आणि आंबोलीहून निघालेली हिरण्यकेशीसुद्धा वर तिला मिळते. आई म्हणाली, "म्हणजे माझ्या दशम्या गेलेल्या तिथनं."

पुलावर यायला तयार नव्हती. मग माझ्या मुलीचा हात धरून निघाली. एक हात तारेला, एक हात नातीच्या हातात. मधोमध जाऊन थांबली. पूल हलत होता, ती काही घाबरली नाही. परत आल्यावर पायरीवर बसली, चपला झटकल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बघितल्यासारखंच आहे, बघितल्यासारखंच आहे, असं म्हणत होते मी. तसं नसतंय बघ ते."

नंतर मी तिला आंबोलीला नेलं, बेळगावचा किल्ला दाखवला, हिडकलचं धरण दाखवलं. जमेल तेवढं केलं. २००१ ला ती गेली. पण पन्नास-साठ श्रावणांतले किती आणि कसे भरून काढणार? पन्हाळा राहिलाच.

आता अगदी अलीकडची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात मुलगा पुण्याहून सहकुटुंब आला, मुलगी-जावईही आले. आंबोलीला जायचं ठरलं. गाडीत जागा सात आणि माणसं आठ. सगळे एकमेकांकडं बघायला लागले आणि स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "तुम्ही जावा. मी बघितलंय सगळं. नळही यायचाय उद्या."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेच वाक्य, तोच नळ. काश्मीरला नेलं म्हणून मी स्वतःला वेगळा समजत होतो. मी म्हटलं, "मी थांबतो. तू जा." ती म्हणाली, "तुम्हाला नळाचं काय कळतंय?" खरंच होतं ते. पण मी हटलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेली आणि मी घरी राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा, सगळे सहलीला गेलेत आणि आपण एकटे घरी, हे काय असतं ते कळलं. घर एकदम मोठं वाटायला लागतं. आता तिथं पाऊस असेल का, आता जेवायला बसले असतील, असं दिवसभर मनात येत राहतं. नळ दुपारी सव्वातीनला आला. आधी पिण्याचं भरायचं, मग खालच्या टाकीची तोटी उघडायची, हे लिहून ठेवलं होतं, तरी मी उलटं केलं. अर्धी मोरी भिजली.

रात्री नऊला सगळे आले. सौभाग्यवती चिंब भिजलेल्या, केसांचं पाणी निथळतंय, हातात कणसांची पिशवी. आल्या आल्या म्हणाल्या, "अहो, तो नांगरतास! तुम्ही कधी सांगितलंच नाही तो असा आहे म्हणून." मी म्हटलं, "बस, चहा करतो. सांग सगळं पहिल्यापासून."

तर मंडळी, निपाणीत बघण्यासारखं काय आहे, याचं उत्तर वर दिलंय. पावसाळा आहे, तवंदीपासून गोकाकपर्यंत सगळं हिरवंगार आहे, कुठंही जा. फक्त निघताना गाडीतली माणसं एकदा मोजा आणि घरात कोण राहिलंय ते बघा. तुमच्या घरच्या सहलींत दशम्या कुणाच्या असायच्या आणि ती माऊली बरोबर असायची का, हे आठवत असेल तर जरूर लिहा. मला वाचायला आवडेल.